जर्मन मुलं मैत्री करत नाहीत?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारताने चीनला मागे टाकलं आणि २०२४-२५ मध्ये हा आकडा ५९ हजारांच्या आसपास गेला. पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून इंजिनिअरिंग करून गेलेली मराठी मुलं आखेनला भेटतात, म्युनिकला भेटतात, ड्रेस्डेनलाही भेटतात. ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, मॅक्स म्युलर भवनातल्या जर्मन भाषेच्या परीक्षा, या सगळ्याची माहिती त्यांना निघण्याआधीच तोंडपाठ असते. जर्मन मित्र कसे होतात, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. सीनियरकडून ऐकलेल्या चार गोष्टी असतात आणि त्यांतल्या तीन चुकीच्या निघतात. त्या खऱ्या मानून चांगली बोलकी मुलं वर्ष-वर्ष एकटी राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतलं बरंचसं एकटेपण टाळता येण्यासारखं असतं.

‘जर्मन माणसं थंड असतात’

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. तिथे १९३६ साली त्याने दोन्ही देशांतल्या माणसांची तुलना करणारा एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकन माणसाच्या बाहेरच्या वर्तुळात कुणालाही चटकन प्रवेश मिळतो, पण आतला कप्पा तो राखून ठेवतो. जर्मन माणसाच्या बाबतीत अडसर अगदी सुरुवातीलाच लागतो, तो पार झाला की पुढची वाट मोकळी असते. अख्ख्या समाजाला एका मापात बसवू नये हे खरंच, पण जर्मनीत राहिलेल्या कुणालाही हे निरीक्षण ओळखीचं वाटेल. ट्राममध्ये शेजारी बसलेला मुलगा हसत नाही, लिफ्टमध्ये कुणी हवापाण्याच्या गप्पा मारत नाही. यात राग नाही आणि तुच्छताही नाही. अनोळखी माणसाला त्याच्या विचारात राहू देणं हा तिथला शिष्टाचार आहे.

आणखी एक साधं कारण आहे. तिथली बरीच मुलं घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर शिकतात. शाळेतले मित्र घराच्याच भागात असतात, शुक्रवारी दुपारी बॅग उचलून ती घरी जातात. वसतिगृहाचा मजला शनिवारी रिकामा दिसतो तो यामुळे. आपण आलो म्हणून कुणी पळालेलं नसतं.

‘एका वर्गात बसलो की ओळख होतेच’

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला डिव्हिजन असते, रोल नंबर असतो, प्रॅक्टिकलची बॅच असते. चार वर्षं तीच तोंडं समोर, सबमिशनच्या आदल्या रात्री तेच धावपळ करणारे, चहाच्या टपरीवर तेच उधारी ठेवणारे. मैत्रीसाठी वेगळं काही करावं लागत नाही, वेळापत्रकच ती घडवून आणतं. जर्मन विद्यापीठात असा बांधलेला वर्ग सहसा नसतोच. प्रत्येक जण आपापले विषय निवडतो, बहुतेक व्याख्यानांना हजेरीची सक्ती नसते आणि सोमवारी शेजारी बसलेली मुलगी गुरुवारी भलत्याच इमारतीत असते. त्यात आपली मुलं प्रामुख्याने इंग्रजीतल्या मास्टर्सला जातात. तिथे वर्गात भारतीय, चिनी, इराणी, तुर्की विद्यार्थीच अधिक असतात, जर्मन एक-दोन. म्हणजे ज्यांच्याशी मैत्री करायची ते त्या खोलीत नसतातच, आणि मुलगा समजतो की आपल्यातच काही कमी आहे.

मैत्रीला वेळ किती लागतो, याचा अभ्यास कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी केला आहे. त्यांच्या हिशेबाने नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. अभ्यास अमेरिकेतला आहे, पण अंदाज बांधायला उपयोगी पडतो. जर्मनीत एका सत्रात व्याख्यानांचे चौदा-पंधरा आठवडे. आठवड्याला दोन तास एकत्र खेळलात तर सत्र संपताना तीस तास होतात. डिसेंबरात ‘अजून कुणी मित्र नाही’ म्हणून खचलेल्या मुलाला मी हेच गणित मांडून दाखवतो. तो अर्ध्या वाटेवरही पोहोचलेला नसतो.

मग हे तास कुठे जमवायचे? विद्यापीठाचा क्रीडा विभाग, होखशूलश्पोर्ट, हे पहिलं ठिकाण. बॅडमिंटन, क्लाइंबिंग, रोइंग, साल्सा, सगळं विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या फीमध्ये. आठवड्याचा ठरलेला वार, तीच माणसं. दुसरं ठिकाण म्हणजे फाखशाफ्ट, त्या-त्या शाखेच्या विद्यार्थ्यांची संघटना. नव्या मुलांचा पहिला आठवडा हीच मंडळी चालवतात, बऱ्याच ठिकाणी जुन्या प्रश्नपत्रिकाही यांच्याकडेच मिळतात. त्यांच्या बैठकांना सहसा कुणालाही जाऊन बसता येतं, खुर्च्या लावायला माणसं तर नेहमीच कमी पडतात. तिसरं, गावातले फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळं. सात सभासद जमले की असं मंडळ नोंदवता येतं, आणि देशभरात अशी सुमारे सहा लाख मंडळं आहेत. बुद्धिबळ, गायनवृंद, मधमाश्या पाळणं, जुन्या रेल्वे इंजिनांची डागडुजी, काय हवं ते. क्रिकेटचे क्लबही आहेत आणि तिथे जरूर खेळा. मात्र तिथे भेटणारे खेळाडू बहुतेक भारतीय, पाकिस्तानी आणि अफगाण असतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि घर. स्वतंत्र खोलीपेक्षा वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, मैत्रीच्या दृष्टीने कितीतरी चांगला. जाहिरात वाचताना एक गोष्ट बघायची: काही घरं फक्त भाडं वाटून घेण्यापुरती असतात, त्यांना त्स्वेक-वेगे म्हणतात. आपण तशी नाही, असं जाहिरातीत मुद्दाम लिहिणारी घरं शोधावीत. तिथे जागा देण्याआधी सगळे जण स्वयंपाकघरात बसून तुमच्याशी गप्पा मारतात, कारण त्यांना सोबत राहणारा माणूस निवडायचा असतो. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, दारावर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता, कोपऱ्यात परत द्यायच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट मिळतात आणि बऱ्याच घरांत ते सामाईक डब्यात जातात. आपल्या पाळीला बाथरूम न सांगता लख्ख घासून ठेवलं, तर त्याने जेवढा विश्वास बसतो तेवढा दहा गोड बोलण्यांनी बसत नाही. रविवारी रात्री सव्वाआठला टीव्हीवर ‘टाटओर्ट’ लागतं. १९७० पासून चालू असलेली ही गुन्हेकथांची मालिका कितीतरी विद्यार्थी एकत्र बसून बघतात. संवाद अर्धेच कळले तरी चालतं, खुनी कोण यावर वाद घालता येतो. खिचडी-पापडाचा बेत करायचा तर तो याच संध्याकाळी करावा.

‘इंग्रजीवर भागतं’

प्रवेशापुरतं भागतं, दुकानातही निभतं. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, पाच जर्मन मुलांच्या टेबलावर बसलात की पहिली दहा मिनिटं सगळे तुमच्यासाठी इंग्रजी बोलतात. मग कुणीतरी शिक्षकाची नक्कल करतो, हशा होतो आणि टेबल जर्मनवर जातं. मुद्दाम कुणी करत नाही. पुण्यात पाच मराठी मुलांत एक तमिळ मुलगा बसला तर आपणही काय करतो ते आठवून बघा. एकेकट्याशी इंग्रजीत छान मैत्री होते, घोळक्यात मात्र जर्मन लागतंच. जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्यांवर थांबलेल्या मुलांनी तिसरी, म्हणजे बी-वन, तरी गाठावी. विद्यापीठांत हे वर्ग बहुधा स्वस्त किंवा मोफत असतात. तुमचं अडखळणं बघून समोरचा इंग्रजीवर आला, तर ‘जर्मनमध्येच बोलू या, मला शिकायचंय’ असं सरळ म्हणावं. त्यांना ते आवडतं.

‘त्यांनी बोलावलं नाही, म्हणजे आपण नकोसे आहोत’

आपण ‘ये कधीतरी घरी’ म्हणतो आणि ‘बघू, जमलं तर येतो’ असं उत्तर देतो. दोन्हींत जिव्हाळा असतो. तिथे ‘कधीतरी’ला तारीख नसते म्हणून ते विसरलं जातं आणि ‘बघू’ हा नकार धरला जातो. ‘पुढच्या गुरुवारी सात वाजता मी पावभाजी करतोय, येशील?’ असं विचारा. डायरी उघडून त्याने तीन आठवड्यांनंतरचा दिवस दिला तर वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी तो नक्की येईल, आणि वेळेवर येईल.

जेवणाच्या टेबलावरही हाच प्रश्न येतो. त्यांच्या घरी ‘आणखी वाढू का?’ विचारल्यावर आपण संकोचाने नको म्हणतो आणि आग्रहाची वाट बघतो. आग्रह होत नाही. तुमचा नकार त्यांनी खरा मानलेला असतो. भूक असेल तर हो म्हणावं.

एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण जेवढे आवडलेले असतो, त्यापेक्षा कमी आवडलो असं माणसं धरून चालतात. एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांतही हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला. परक्या भाषेत बोलताना तर तो आणखी वाढत असणार, असं मला वाटतं. तेव्हा पहिलं आमंत्रण आपणच द्यावं.

बिअर प्यावीच लागते, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, हातात घेऊन सगळी संध्याकाळ बसता येतं, कुणी कारण विचारत नाही. शाकाहाराची अडचण तर आता उरलीच नाही. बर्लिनमधल्या विद्यार्थी खाणावळींनी २०२१ मध्ये आपला जवळजवळ सगळा मेनू शाकाहारी आणि व्हीगन केला.

‘आपल्या लोकांपासून लांब राहा, तरच मिसळाल’

हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण तो घातक आहे. स्टीफन बॉकनर यांनी १९७७ मध्ये हवाईत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांची तीन वेगळी वर्तुळं दिसली: मायदेशाचे, यजमान देशाचे आणि इतर देशांचे. तिन्हींची कामं वेगळी. आजारपणात, सणाला, मन मोकळं करायला मायदेशाची माणसं लागतात. त्यांना तोडून जर्मन मित्र मिळत नाहीत, फक्त आधार जातो. मराठी मंडळाच्या गणपतीला जा आणि जाताना वेगेमधल्या मुलीलाही घेऊन जा. आरतीला टाळ तिच्या हातात द्या.

व्हिसाला उशीर झाल्याने आपली बरीच मुलं ऑक्टोबरचा स्वागताचा आठवडा हुकवून पोहोचतात. तोवर खेळांच्या लोकप्रिय वर्गांची नोंदणी, जी कधीकधी काही मिनिटांतच भरते, संपलेली असते आणि मुलगा मनाशी वर्षच सोडून देतो. तसं करायचं कारण नाही. १ एप्रिलला उन्हाळी सत्र सुरू होतं, त्या सुमारास नोंदणी पुन्हा उघडते, आणि दिवस मोठे झाल्याने लोक नदीकाठी, बागेत, घराबाहेरच सापडतात. नोंदणीची तारीख आणि तास विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून मार्चमध्येच बघून ठेवावा.