मेंदूत उतरलेली तार

फिट येणाऱ्या मुलाला घेऊन पालक जळगाव किंवा धुळ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे पोहोचतात, तेव्हा सुरुवातीच्या तपासण्यांत बहुधा ईईजी असतो. तंत्रज्ञ टेप लावून डोक्याची मापे घेतो, केस बाजूला सारतो, त्वचेवर पेस्ट लावतो आणि ठरलेल्या जागी छोट्या चकत्या बसवतो. पडद्यावर रेषा धावू लागतात. हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1924 साली माणसाच्या डोक्यावरून अशा लहरी पहिल्यांदा टिपल्या. ही तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही आणि आजही तिला पर्याय नाही. मात्र चकती आणि मेंदू यांच्यामध्ये त्वचा, कवटी आणि आवरणे असतात. चकतीपर्यंत पोहोचते ती असंख्य पेशींची एकत्रित बेरीज. त्यातली एक पेशी काय करते आहे, हे तिथून कळत नाही.

ते कळायचे तर तार आत न्यावी लागते, आणि पेशीच्या अगदी जवळ. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. एखादी पेशी उद्दीपित झाली की तिच्या आवरणावरचा विद्युतदाब जेमतेम एक हजारांश सेकंद उसळतो. आत ही उसळी सुमारे 100 मिलिव्होल्टची असते. बाहेर, पेशीच्या कडेला, त्यातले दहा-वीस ते फार तर काहीशे मायक्रोव्होल्ट उरतात. शंभर-दीडशे मायक्रॉन दूर गेले की तेही इतर पेशींच्या गोंगाटात विरून जाते. 1949 मध्ये लिंग आणि जेरार्ड या शास्त्रज्ञांनी काचेची अतिसूक्ष्म नळी वापरली. 1957 मध्ये डेव्हिड ह्यूबेल यांनी टंगस्टनच्या तारेचे टोक अतिसूक्ष्म करून इलेक्ट्रोड बनवला, आणि पुढे टॉर्स्टन वीझेल यांच्यासह दृष्टीच्या पेशींचे जे काम केले त्याला 1981 चे नोबेल मिळाले.

हे सगळे परदेशातल्या प्रयोगशाळांपुरते आहे असे कुणाला वाटेल. तसे नाही. खानदेशातून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांपैकी काही जणांच्या मेंदूत अशी तार उतरलेली आहे.

मेंदूच्या खोल भागाला सौम्य विद्युत स्पंदने देणारी शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या अलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये सुरू केली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती आणली. रुग्णाची औषधे आदल्या रात्रीपासून थांबवलेली असतात, त्यामुळे हात थरथरत असतो, अंग आखडलेले असते. डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवतात, एमआरआयवरून लक्ष्याचे मोजमाप ठरते, कवटीला लहानसे भोक पाडले जाते. अनेकदा रुग्ण पूर्ण जागा असतो, कारण मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना होत नाही. काही मायक्रॉनचे टोक असलेली तार मिलिमीटरच्या अंशाअंशाने खाली सरकते आणि तिने टिपलेले संकेत स्पीकरवर ऐकू येतात. आधी तुरळक टकटक. मग थोडी शांतता. आणि लक्ष्य असलेला काही मिलिमीटरांचा सबथॅलॅमिक गाभा आला की पत्र्यावर जोराचा पाऊस पडावा तसा आवाज खोलीत भरतो. डॉक्टर रुग्णाचे मनगट हलवून पाहतात. त्या हालचालीबरोबर आवाज बदलला तर जागा बरोबर सापडली. मग सूक्ष्म तार काढून घेतात आणि सव्वा मिलिमीटर जाडीची कायमची तार तिथे बसवतात.

म्हणजे एकेका पेशीचा आवाज टिपणारी तार काम करते ती काही तासच. राहते ती जाड तार, आणि ती मुख्यतः स्पंदने देण्यासाठी. सूक्ष्म तार वर्षानुवर्षे आत का ठेवता येत नाही, हा या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी अशा तारांचा संशोधनातला उपयोग पाहू. पुण्याच्या आयसरमधले राघव राजन झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास करतात. नर गाणे सुरू करण्याआधी काही छोटे स्वर पुन्हा पुन्हा काढतो. त्या वेळी मेंदूतल्या गानकेंद्राच्या पेशी गाण्याच्या तयारीला कशा लागतात, हे राजन यांनी अॅलिसन डूप यांच्यासोबत 2013 मध्ये दाखवले. शिकलेली हालचाल सुरू कशी होते, हा प्रश्न पक्ष्याचा तसाच कंपवाताच्या रुग्णाचाही आहे. पाय उचलायचा आहे हे कळते, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखा राहतो, असे अनेक रुग्ण सांगतात.

आता आकड्यांकडे. रिचर्ड नॉर्मन यांच्या युटा अॅरेत चार मिलिमीटर बाजूच्या चौरसात शंभर सुया असतात. असाच एक अॅरे 2004 मध्ये मॅथ्यू नेगल या हातपाय लुळे पडलेल्या तरुणाच्या मेंदूत बसवला आणि त्याने केवळ विचाराने संगणकाचा कर्सर हलवला. 2017 मध्ये न्यूरोपिक्सेल्स आले: 70 मायक्रॉन रुंदीच्या एका पट्टीवर 960 नोंदणीबिंदू आणि त्यातल्या 384 वरून एकाच वेळी नोंद. 2022 पर्यंत शस्त्रक्रियेदरम्यान माणसांतही त्यांचा वापर झाला होता.

सूक्ष्म तार आत टिकवण्यातली अडचण पदार्थाची आहे. सिलिकॉन मेंदूच्या ऊतीपेक्षा कोट्यवधी पटींनी ताठर आहे. श्वासाबरोबर, नाडीबरोबर मेंदू किंचित हलतो. सुई तितकी हलत नाही. मग आधारपेशी तिच्याभोवती जमतात, व्रण धरतो आणि संकेत क्षीण होत जातात. खऱ्या नॅनो मापाचे काम इथेच निर्णायक ठरते. हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने 2015 मध्ये एक मायक्रॉनपेक्षा पातळ जाळी इंजेक्शनच्या सुईतून उंदराच्या मेंदूत सोडली. पुढच्याच वर्षी त्याच पेशींची नोंद आठ महिने ठेवता आल्याचे दाखवले. 2017 मध्ये टेक्सासच्या लान लुआन आणि चाँग शिए यांचे सुमारे एक मायक्रॉन जाडीचे धागे व्रणाशिवाय टिकले.

पण टोक जितके लहान तितका त्याचा विद्युतरोध जास्त, आणि रोध वाढला की खरखर वाढते. त्यावर इलाज म्हणजे टोकावर इरिडियम ऑक्साइड, वाहक बहुवारिक किंवा कार्बन नॅनोनलिकांचा खडबडीत थर देणे, जेणेकरून माप तेच राहून पृष्ठभाग वाढतो. असा थर बनवणे आणि मिठाच्या द्रावणात त्याचा रोध मोजणे, याला मोठे रुग्णालय लागत नाही. शिरपूरच्या एच. आर. पटेल औषधनिर्माण महाविद्यालयातून ग्राफीन क्वांटम डॉटवरच्या जैवसंवेदकांचे शोधनिबंध निघाले आहेत, आणि जळगावच्या विद्यापीठातही नॅनोपदार्थांवर काम होते. पदार्थ ओळखणारी माणसे इथे आहेत. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

जाहिरातींबाबत मात्र सावध राहावे. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या कंपनीने नोलंड आर्बो यांच्या मेंदूत 64 धाग्यांवरचे 1,024 इलेक्ट्रोड बसवले आणि ते विचाराने बुद्धिबळ खेळले, ही बातमी सर्वत्र झळकली. काही आठवड्यांतच बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, ही बातमी त्यामानाने कमी पोहोचली.

शेवटी पुन्हा फिटकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फिटच्या रुग्णांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक योग्य औषधांवर फिटमुक्त राहू शकतात. त्यासाठी मेंदूत काहीही बसवावे लागत नाही. वेळेवर निदान आणि न चुकता घेतलेली गोळी लागते. म्हणून यावल-रावेरपासून साक्रीपर्यंतच्या वाचकांना विनंती: घरात कुणाला फिट येत असेल तर कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, रुग्णाला कुशीवर वळवा, झटका पाच मिनिटांहून लांबला तर थेट दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.