मिश्र संगीताचा हिशेब

दोन संगीतपरंपरा एकत्र आल्या की वाद रंगतो तो शुद्धाशुद्धतेचा. मिळकतीची वाटणी कशी झाली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः अशा मिलाफाचे भवितव्य त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

१९९३ साली गुरू या अमेरिकन रॅप-गायकाने ‘जॅझमॅटॅझ’ ही ध्वनिमुद्रिका काढली. जुन्या तबकड्यांतील तुकडे उचलून त्यांवर शब्द रचण्याचा हिप-हॉपमध्ये प्रघात होता. गुरूने डोनाल्ड बर्ड, रॉय आयर्स अशा जॅझ-वादकांनाच पाचारण केले. उचललेला तुकडा मुका असतो. समोर बसलेला वादक भागीदार असतो.

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. १९५१ च्या ‘अलबेला’त पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी देशी चालींना जॅझच्या वाद्यमेळाची जोड दिली. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यात वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले. ते अपवादच. गोव्याच्या ज्या वादकांनी त्या काळची चित्रपटगीते उभी केली, त्यांपैकी बहुतेकांची नावे ना तबकडीवर आली, ना श्रेयनामावलीत. त्यांना बिदागी मिळाली. पुढील उत्पन्नात वाटा मिळाला नाही.

१९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क स्वामित्वहक्क कायद्यात आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावरील रॉयल्टीही. परंतु त्यातच एक मेख आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग आनुषंगिक असून प्रथेनुसार ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, त्यास कायदा बहुतांशी कलावंतच मानीत नाही. म्हणजे नावाचा प्रश्न केवळ मानाचा नाही, तो उत्पन्नाचाही आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील तरुणांना आज मराठी रॅप परके राहिलेले नाही. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आहे. मोबाइल आणि एक बंद खोली पुरते. महाग उरली आहे ती वादकाची वर्षानुवर्षांची तालीम. तिचे मोल ‘आपलाच मित्र आहे’ एवढ्यावर भागवले, तर जुनाच अन्याय नव्या चालीवर वाजेल. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच नावे आणि टक्केवारी कागदावर उतरली पाहिजे. आणि ज्या शहरांत गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले कलामंदिर व आचार्य अत्रे रंगमंदिर उभे राहिले, तेथील महापालिकांना सरावासाठी अल्प दरात एखादी खोली देणे अवघड नसावे.

सूर जुळणे हे कलेचे काम; हिशेब जुळणे हे न्यायाचे. दुसरे चुकले की पहिले फार काळ टिकत नाही.