घाटातील जीप आणि तिचे सुकाणू

वाईहून पाचगणीस चढणारा पसरणीचा घाट, कोयनानगर ओलांडून चिपळुणाकडे उतरणारा कुंभार्ली आणि पुण्याच्या वाटेवरील खंबाटकी हे ज्या जिल्ह्याचे दरवाजे आहेत, त्या साताऱ्यात मोटारीच्या स्टिअरिंगमधील दोष फार दिवस लपून राहत नाही. उलट कृष्णा-वारणेच्या काळ्या सपाटीवर, उसाच्या फडांमधून सरळ जाणाऱ्या सांगलीकडच्या रस्त्यांवर तोच दोष वर्षानुवर्षे मालकाच्या अंगवळणी पडत जातो, आणि चाक चार बोटे फिरवल्याखेरीज गाडी वळत नाही हा तिचा स्वभावच होय, अशी त्याची समजूत होऊन बसते.

विंटेज म्हटले की डोळ्यांपुढे संस्थानिकांची मोटार उभी राहते, आणि सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने ज्या मुलखात होती तेथे ती उभी राहणे स्वाभाविकही आहे. इंग्लंडातील हौशी मंडळी तर हे बिरुद १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच देतात. आपल्या केंद्रीय नियमांनी मात्र २०२१ साली पन्नास वर्षांची मर्यादा मुक्रर केली, आणि त्यामुळे ज्या वाहनाने या दोन जिल्ह्यांची खरी चाकरी केली, मामलेदार, पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर, साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि निवडणुकीतील उमेदवार ज्यात बसून धूळ खात हिंडले, ती जीप या मानाच्या पंगतीत येऊन बसली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जोडणी आरंभली. पुढे अमेरिकेत १९५३ साली निघालेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप आपल्याकडे इतके रुजले की मूळ देशात ते १९६८ साली बंद पडल्यानंतरही येथे चालूच राहिले.

या जीपचे स्टिअरिंग रॉस पद्धतीचे आहे. दांड्याच्या खालच्या टोकास नागमोडी खाच कोरलेला कॅम असतो; त्या खाचेत एका लिव्हरच्या दोन निमुळत्या खुंट्या बसतात; चाक फिरले की खुंट्या खाचेतून सरकतात आणि लिव्हरचा शाफ्ट पिटमन आर्मला हलवतो. तेथून ड्रॅग लिंक, मधला बेलक्रँक, दोन्ही बाजूंचे टाय रॉड, आणि शेवटी ज्यांवर पुढची चाके वळतात त्या किंग पिनांची बेअरिंगे, अशी ही परंपरा आहे. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली तरी तिची बेरीज चालकाच्या हातात येते, आणि चालक दोष देतो तो मात्र हाताला सर्वांत जवळ असलेल्या, कॅम व लिव्हर ज्यात बसतात त्या बॉक्सला.

येथेच बहुतेक अनर्थाचा उगम आहे. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले, म्हणजे चाकाची रिकामी फिरत, तात्काळ कमी झाल्यासारखा वाटतो, गिऱ्हाईक संतुष्ट होते आणि मिस्त्रीला मजुरी मिळते. परंतु रॉसच्या रचनेत ती खाच मध्यभागी हेतुपुरस्सर किंचित अरुंद ठेवलेली असते, जेणेकरून सरळ चालताना खुंट्या घट्ट राहाव्यात आणि वळणावर मोकळ्या व्हाव्यात. चाके वळलेल्या अवस्थेत स्क्रू आवळला, तर सरळ होताना खुंट्या अरुंद जागी करकचून रुततात. आणि झीज मुळात बेलक्रँकमध्ये असेल तर निरोगी बॉक्स फुकट खराब होतो. म्हणून आधी कॅमच्या दोन टोकांची बेअरिंगे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी करून नीट करावीत, आणि बाजूच्या स्क्रूला हात लावावा तो सर्वांत शेवटी, तोही चाके नेमकी सरळ असताना. गळते म्हणून बॉक्समध्ये तेलाऐवजी ग्रीस कोंबण्याची वहिवाट तर निंद्यच मानली पाहिजे. कारण एकदा बाजूला सारलेले ग्रीस खाचेत परत वाहत नाही, आणि बॉक्स भरलेला असूनही कॅम कोरडाच राहतो.

तपासणीस दोन माणसे लागतात, आणि त्यांपैकी शहाणा तो खाली निजतो. वरचा चाक अल्पसे डावी-उजवीकडे हलवतो. खालचा एकेका सांध्यावर बोटे ठेवीत जातो, कारण सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबते तो क्षण डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतो. बेलक्रँकला वर-खाली उचलून पाहावे. सीलमधून शिरलेला काळ्या मातीचा चिखल तेथे ग्रीसशी मिसळून कानसेचे काम करतो. नंतर पुढचे चाक जॅकवर घेऊन, खाली घोडी लावून, चाकाच्या माथ्यास व पायास धरून हलवावे. ते हलले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा की किंग पिनचा, याचा निवाडा साधा आहे: सोबत्याला ब्रेक दाबण्यास सांगावे, हालचाल थांबली तर बेअरिंग, न थांबली तर किंग पिन. किंग पिनची बेअरिंगे शिमांनी नीट करतात, आणि या शिमा अवघ्या तीन सहस्रांश इंचापासून मिळत असल्याने येथे अंदाजपंचे कामाला थारा नाही. ड्रॅग लिंकच्या टोकाचा प्लग गोळ्यावर पुरता आवळून पुढच्या बाजूस अर्धा फेरा व बॉक्सच्या बाजूस एक फेरा मागे घ्यावा, आणि स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी सरळ करून पुन्हा घालणारा मनुष्य दोन रुपये वाचवून जीव गहाण टाकतो. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची समोरून आत वळलेली ठेवण, बघावयाची ती या सर्वांनंतर. ती ३/६४ ते ३/३२ इंच असते, आणि ढिल्या सांध्यांवर मोजल्यास तिला काहीच अर्थ उरत नाही.

सुटा भाग मिळाला नाही तर? या प्रश्नाला येथील उत्तर जुन्या उद्यमशीलतेत सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना वसवला. पुढे १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेल्या धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे आपला कारखाना १९२२ साली काढला. आणि नांगर, चरक, ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीवर पोसलेली लेथची कसबी विद्या गावोगाव पसरली. बेलक्रँकचे गनमेटलचे बुश कातून रीमरने पिनेच्या मापास आणणे या कारागिरांना मुळीच अवघड नाही. पण त्या कौशल्याची एक सीमा आहे. पिटमन आर्म आणि स्टिअरिंगचे हात घडीव पोलादाचे असतात. ते तापवून सरळ करणे किंवा वेल्डिंगने भरून काढणे याला माझी साफ हरकत आहे. शंका आल्यास तो भाग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवावा, कोरडा पुसून त्यावर खडूची भुकटी लावावी. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल पाझरून भुकटीवर काळसर रेघ उमटते. रेघ दिसली की तो भाग भंगारात.

अलीकडे बॉक्सच काढून टाकून पॉवर स्टिअरिंग बसवण्याची टूम निघाली आहे. रोजच्या गाडीस ती सोयीची असेल. परंतु विंटेज नोंदणीस चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत फेरबदल चालत नाही, आणि नवा बॉक्स बसवताना चॅसिस कापणे बहुधा टळत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामास रस्त्यावर आणण्यास मनाई. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच मोकळीक आहे. स्टिअरिंग दुरुस्त केल्यावर वाईहून पसरणी चढून, वळणानंतर चाक आपोआप सरळ होते की नाही हे पाहून येणे देखभालीतच मोडते, असे मालक छातीठोकपणे सांगतात. पाचगणीत खाल्लेल्या स्ट्रॉबेरीचा खर्च कोणत्या सदरात घालावा, याबद्दल मात्र त्यांच्यात अद्याप एकवाक्यता नाही.