निष्ठा आणि द्रोह (लेखांक ५) : मारबतीतली राणी

नागपुरात तान्ह्या पोळ्याला काळी मारबत रस्त्यावर आली की गर्दीत पाय ठेवायला जागा उरत नाही. पुढे तो अजस्र काळा पुतळा, मागे चालू राजकारणावर कोरडे ओढणारे बडगे नावाचे पुतळे. रोगराई, महागाई, लाचखोरी सगळं तिच्या पदरात टाकायचं आणि शेवटी तिला जाळायचं. कोणी तिला पूतना म्हणतं. पण जुना नागपूरकर सांगतो, ती बाकाबाई. इंग्रजांना फितूर झालेली, महालातल्या भोसल्यांची राणी. ही प्रथा १८८१ पासूनची मानतात.

फितूर म्हणजे आतून शत्रूला मिळालेला. नमकहराम म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणारा. हा फरक आपण मागच्या वेळी पाहिला. बाकाबाईंना ही मापं लावण्याआधी त्याच घरातलं १८१७ साल पाहू.

दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. गादीवर आले दुबळे परसोजी. कारभार रघूजींचे पुतणे आप्पासाहेब यांच्याकडे. त्यांनी मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या फेब्रुवारीत परसोजी मृत्यू पावले आणि घातपाताचा आळ आप्पासाहेबांवर आला. नोव्हेंबरात पेशवे कंपनीशी लढाईत उतरले होते. अशा वेळी २४ तारखेला, रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध डावलून, आप्पासाहेबांनी पुण्याहून पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, अंगावर घेतली. दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. कंपनीच्या लेखी ही उघड दगाबाजी. पण राजानं स्वतःच्या राज्यात द्रोह करायचा तो कोणाशी? ती एकच खिलत तहाशी बेइमानी होती आणि पेशव्यांशी इमानही.

लढाई कंपनीनं जिंकली आणि पुढे आप्पासाहेब पदच्युत झाले. १८१८ मध्ये रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा गादीवर बसला, तेव्हा वाड्यातली सूत्रं बाकाबाईंकडे आली. त्या दुसऱ्या रघूजींच्या विधवा. हे तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं, वाड्यातलं जवाहीर कलकत्त्यात लिलावाला गेलं.

आणि मग १८५७ उजाडलं. ज्यांनी घर लुटलं त्यांच्याविरुद्ध उठायची संधी दारात होती. म्हाताऱ्या बाकाबाईंनी मात्र आप्तांना, आश्रितांना बजावलं, यात पडू नका. उरलेलं घर वाचवायचं होतं, की कंपनीचं बळ त्या जाणून होत्या? मन कोणाला दिसतं! निकाल मात्र दिसतो. पुढच्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या घराण्याच्या ‘निष्ठे’बद्दल सरकारनं तिसऱ्या रघूजींचे दत्तक पुत्र जानोजी यांना देऊरचे राजाबहादूर हा किताब दिला. आणि वीसेक वर्षांत त्याच निष्ठेचा पुतळा गावानं रस्त्यावर आणला.

वाड्याला मिळाला तो किताब एकदाच. पुतळा दरवर्षी नवा होतो.

या दोन निकालांच्या मधे, १८७० मध्ये, सरकारनं ‘राजद्रोह’ कायद्यातच बसवला. त्या १२४-अ कलमाची आणि १८९७ च्या टिळक खटल्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात.