पाहुणे आणि मुक्कामी

अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मग्रामांमधून (पॅरिशमधून) माणसं ग्वाटेमाला, होंडुरास अशा देशांतल्या खेड्यांत सेवेला जातात. आठ-दहा दिवस राहतात, शाळा रंगवतात, आरोग्य शिबिर घेतात आणि परततात. आपल्या कॉलेजांतली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं सात दिवसांच्या शिबिराला खेड्यात जातात, तसाच हा प्रकार. पण नागपूरला मिशनची आणखी जवळून ओळख आहे. हे शहर स्वतःच एकेकाळी परदेशी मिशनचं दूरचं ठाणं होतं, आणि इथे आलेले लोक आठ दिवसांसाठी आलेले नव्हते.

सदरमधलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आणि १८७० सालची एसएफएस शाळा नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं. त्यांची मुळं आल्प्सच्या डोंगरांत, आताच्या फ्रान्समधल्या सॅव्हॉय प्रांतातल्या अ‍ॅनसी गावात आहेत. पिएर मर्मिए या धर्मगुरूंनी तिथे १८३८ मध्ये स्थापन केलेल्या धर्मसंघाचे फादर १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोचले. नागपूर त्याच मिशनमध्ये मोडायचं. १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि अलेक्सिस रिकाझ पहिले बिशप झाले. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि थेट निजामाच्या राज्यातलं औरंगाबाद, एवढा त्याचा पसारा! त्यातूनच १९५५ मध्ये अमरावती आणि अमरावतीतून १९७७ मध्ये औरंगाबाद हे धर्मप्रांत निघाले.

या कामाचा खरा कस लागला तो खेड्यांत. औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगावात गुरियन जाकिए हे फ्रेंच धर्मगुरू महार आणि मांग वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षं राबले. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये चाले, तिथे फादरांचं भागे. पण प्रवचन करायचं तर मराठी हवी, आणि कन्फेशनला मध्ये दुभाषी बसवता येत नाही. माणूस मनातलं दुखणं आपल्याच बोलीत सांगणार, फादरांना ते कळलंच पाहिजे. मला वाटतं, मुक्कामाने येतं आणि शिबिराने येत नाही ते हेच. भिंत रंगवायला भाषा लागत नाही.

इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना हेच कठोर शब्दांत ऐकवलं होतं. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या शेतकरी घरातला स्टॅनली रॉदर हा धर्मगुरू ग्वाटेमालातल्या सान्तियागो आतित्लान गावी गेला, पण मुक्कामाला. तो स्थानिक माया लोकांची त्झुतुहिल भाषा शिकला, बायबलमधल्या नव्या कराराच्या त्झुतुहिल भाषांतराला त्याने हातभार लावला, लोकांसोबत शेतात राबला. यादवीच्या काळात मारेकऱ्यांच्या यादीत नाव आल्यावर तो मायदेशी गेला खरा, पण काही महिन्यांतच गावात परतला. २८ जुलै १९८१ रोजी त्याच्या राहत्या घरात त्याची हत्या झाली. २०१७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं; संतपदाच्या आधीची ही पायरी.

अर्थात नुसता मुक्काम केला म्हणजे प्रश्न मिटत नाहीत. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाची चौकशी करणारी समिती नेमली गेली. शाळा, दवाखाने, कर्ज यांच्या आडून गरिबांचं, विशेषतः आदिवासींचं धर्मांतर होतं, असा ठपका समितीने १९५६ च्या अहवालात ठेवला. चर्चने तो फेटाळला. सगळं मिशनकाम म्हणजे आमिष, असं मी मानत नाही. पण औषध देणाऱ्या हाताला त्या बदल्यात काही हवं आहे का, हा प्रश्न विचारण्याचा गावाचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. शिबिराला जाणाऱ्या प्रत्येकाने तो आधी स्वतःला विचारावा, आणि गावाने आपल्याला बोलावलं आहे का, हेही.

पुढे परदेशी धर्मगुरूंची जागा भारतीयांनी घेतली. १९६२ मध्ये चांदा जिल्ह्याच्या भागात केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चला वेगळं मिशनक्षेत्र मिळालं. त्या चर्चमधल्या सीएमआय या धर्मसंघाचे मल्याळी धर्मगुरू बल्लारपूर-चांद्याकडे आले, आणि सॅव्हॉयच्या फादरांनी गिरवलेली मराठी बाराखडी आता त्यांनी हाती घेतली.