राउटरचे दोन पासवर्ड
घरातल्या राउटरला पासवर्ड दोन असतात, हे आपण आधी नीट वेगळं करून घेऊ. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना भेद काढायची खोडच, पण हा भेद कामाचा आहे. एक वायफायचा, तो आपण पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना देतोच. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. तो पुष्कळ घरांत कंपनीने दिलेला ‘अ‍ॅडमिन’च राहिलेला असतो. पहिला ज्याला मिळाला, त्याला दुसरा ओळखायला कितीसा वेळ? मग तो डीएनएस बदलून आपल्याला बँकेऐवजी खोट्या पानाकडे वळवू शकतो. ब्राउझर तिथे सहसा इशारा देतो, पण आपण घाईत ‘पुढे जा’ दाबतो! म्हणून सेटिंगचा पासवर्ड आपण आजच बदलू, वहीत लिहून ठेवू. पाहुण्यांना ‘गेस्ट नेटवर्क’ द्यावं. त्यावर इंटरनेट मिळतं, घरातले संगणक सहसा दिसत नाहीत.