अरब लीगची प्रतिकृति

अमेरिकेंतील विद्यापीठांत दर वर्षीं एक आगळी सभा भरते. मेजांवर ओमान, सुदान, येमेन अशा नांवांच्या पाट्या असतात; पाट्यांमागें बसलेले प्रतिनिधि मात्र बहुधा अमेरिकन विद्यार्थी असतात. कित्येकांनीं अरबांचा एकहि देश डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. या सभेला ‘मॉडेल अरब लीग’ म्हणतात. १९८३ सालीं सुरू झालेल्या या उपक्रमाची व्यवस्था वॉशिंग्टन येथील अमेरिका-अरब संबंधविषयक राष्ट्रीय मंडळ पाहतें.

राजनीति शिकविण्यास अरब लीगच कां घ्यावी, याचें उत्तर तिच्या जन्मापासूनच्या रचनेंत सांपडतें. २२ मार्च १९४५ रोजीं कैरो येथें सहा राज्यांनीं तिच्या सनदेवर सह्या केल्या. येमेन मागाहून आला. आज सदस्य २२ आहेत. मूळ सनदेच्या सातव्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, एकमतानें झालेला निर्णय सर्वांस बंधनकारक. बहुमतानें झालेला मात्र तो मान्य करणाऱ्यांपुरताच. कलम दिसण्यांत लहान. पण विरोधकाला मतांनीं हरविलें तरी त्याला बांधतां येत नाहीं, हें त्यांतलें मर्म. वक्तृत्वसभेंत टाळ्या मिळविणारा जिंकतो. लीगच्या कारभारांत तेवढ्यानें भागत नाहीं.

१९९० सालचें उदाहरण घ्यावें. इराकनें कुवेतवर स्वारी केल्यावर आठच दिवसांनीं, १० ऑगस्ट रोजीं, कैरोंतील परिषदेंत २१ पैकीं १२ सदस्यांनीं सौदी अरबस्तानच्या रक्षणासाठीं अरब सैन्य पाठविण्यास संमति दिली. जॉर्डन त्या बारांत नव्हता. त्याला तेल इराककडून मिळे, व्यापार इराकशीं चाले, आणि प्रजेंतहि इराकविषयीं सहानुभूति होती. आज जॉर्डनची पाटी मिळालेल्या विद्यार्थ्याला हें सारें पचवावें लागतें. आक्रमण निंद्य होय, एवढें म्हणणें सोपें. दुबळ्या शेजाऱ्याला तें मोकळ्या तोंडानें कां म्हणतां येत नाहीं, हें समजणें कठीण. जो केवळ स्वतःच्या मनाचें बोलतो, त्याचें भाषण कितीहि उदात्त असो, तें जॉर्डनचें होत नाहीं.

म्हणूनच सभेचा रंग खरा भरतो तो मधल्या सुटींत. ‘निषेध’ हा शब्द काढून ‘चिंता’ घातली तर अमुक देश ठरावाला येईल काय, पाण्याच्या प्रश्नावर साह्य दिल्यास निर्वासितांच्या कलमावर मत मिळेल काय, असे व्यवहार मसुद्याच्या कागदावर पेन्सिलीनें चालतात. एका शब्दासाठीं तास गेला तरी कोणास नवल वाटत नाहीं.

या खेळाला उणीवहि आहे. खरी लीग अरबी भाषेंत बोलते, ही सभा इंग्रजींत. येथें राजधानींतून तार येत नाहीं, बाहेर रस्त्यावर लोक जमत नाहींत, आणि ठराव फसला तरी कोणा निर्वासिताचा तंबू भिजत नाहीं. त्यामुळें तडजोड खऱ्या जगाहून सोपी होते, आणि कधीं कधीं एखादा देश थोडासा नाटकी रंगविला जातो.

पुढील वर्षीं मात्र त्याच विद्यार्थ्यापुढें कुवेतची पाटी येऊं शकते. मग गतवर्षीं आपणच हिरीरीनें मांडलेल्या जॉर्डनच्या बाजूला त्याला उत्तर द्यावें लागतें.